त्याच यमकात

टूनगॅबी, १२ ऑगस्ट

चि. चित्रलेखास अनेक आशीर्वाद.

माझ्या कवितांवरचं तुझं ‘छान आहे, काका’ पोचलं. इथल्या मराठी मंडळातही सगळे हेच म्हणतात. तुझी काकू गेल्यापासून मला कुणी नावं ठेवायलाच तयार नाही. माझ्या खारट आमटीलासुद्धा अप्रतिम म्हणतात! पुढच्या आठवड्यात संग्रह छापायला जातोय. कविता बऱ्या आहेत की मी चारचौघांत हसं करून घेतोय, हे मला कळायलाच हवं. तू मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत अरबी काव्यावर पीएचडी करतेस ना, की ट्रेनमध्ये नुसत्या डुलक्या काढतेस? निदान पहिल्या कवितेबद्दल तरी खरं लिही. भीड नको.

तुझा,
दीनानाथकाका

टार्निट, १६ ऑगस्ट

ती. काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

भीड नको म्हणालात, लक्षात ठेवा. माझे जुने अरबी कवी परीक्षणं लिहीत बसत नसत. दुसऱ्याची कविता खटकली की त्याच वृत्तात, त्याच यमकात तिची भरबाजारात टर उडवायचे. ती कुठे खोटी आहे ते त्यातच कळायचं. त्यासाठी आधी ती कविता मन लावून ऐकावी लागे, म्हणजे तसा तो मानच. तुमच्या ओळी:

परदेशी मी उभा एकटा, आठवणींच्या दारी
डोळ्यांमधले पाणी माझे, सागराहुनी भारी

आणि या माझ्या:

दोन दोन त्या गाड्या दारी, तरणतलावहि भारी
तरी कवीचे डोळे ओले, नेमाने रविवारी!

शौनक म्हणतो, काका आता जावयालाही वाळीत टाकतील. मला खरंच धाकधूक वाटतेय. रागावलात तर फोन करून रागवा, पण गप्प बसू नका.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
चित्रलेखा

टूनगॅबी, २२ ऑगस्ट

चि. चित्रलेखास अनेक आशीर्वाद.

आधी भयंकर रागावलो. मग हसलो. मग खूप रडलो, आणि योगायोगाने रविवारच होता.

तुझं बरोबर आहे. गेली वीसेक वर्षं मी इथे मजेत आहे, परदेशाचं दुःख मला कधी झालंच नाही. रविवारी दुपारी मी कविता वाचायचो आणि तुझी विनीताकाकू खुर्चीत बसून पोट धरून हसायची. ती गेल्यानंतरच्या रडण्याला मी उगाच देशाचं नाव दिलं. छपाई थांबवली आहे. यमक तुझ्या अरबांना विचारून ठेवलंय:

हसणारी ती गेली, उरली खुर्ची एक दुपारी
तिथुनच झाला परदेश सुरू, माझ्या अपुल्या दारी

शौनकला सांग, जावई सुखरूप आहेत. पुढच्या कविताही पाठवतो. तिच्यानंतर मला हसणारं कुणी राहिलं नव्हतं. तू तेवढं सोडू नकोस.

तुझा,
दीनानाथकाका