डॅशबोर्ड मीच मढवला

मी, श्रीमती प्रमोदिनी भास्कर चिंचाळकर, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार ब्राह्मणपारा, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला दोघेजण मागच्या आठवड्यात येऊन गेले, त्यांचा उल्लेख पुढे येईल. माझी बुद्धी शाबूत आहे. समोर राहणाऱ्या डॉ. ज्योती यांनी आज सकाळी मला तपासले आणि म्हणाल्या, "काकू, डोकं एकदम ठीक आहे, फक्त राग जास्त आहे." रागामुळे मृत्युपत्र बाद होत नाही, हे मी वकिलांना विचारून घेतले आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी फारच गोड बोलले होते.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात माझा एकुलता एक मुलगा शिशिर याला मिळावे. त्याने ते कमावले आहे असे नाही. दुसऱ्या कोणाला दिले तर नातेवाईक वर्षभर चघळत बसतील, आणि त्यांना तेवढाही आनंद मिळू नये अशी माझी इच्छा आहे. घराच्या फाटकासमोर शेजारचे शालिग्राम रोज स्कूटर लावतात. ती माझ्या मृत्यूनंतरही तेथे लावू नये. अंत्ययात्रेच्या दिवशी तर मुळीच नाही.

कलम २. बँकेतील ठेवी शिशिर व सून देवश्री यांच्यात निम्म्या निम्म्या वाटाव्यात. माझ्या तेराव्याला जिलेबी करू नये. ज्यांनी जिवंतपणी मला चहा विचारला नाही, त्यांनी माझ्या नावाने पाक चाटू नये.

कलम ३. माझे पती कै. भास्कर यांचा फोटो दिवाणखान्यात आहे तेथेच राहू द्यावा. माझा फोटो त्याच्या शेजारी लावू नये, समोरच्या भिंतीवर लावावा. हे जन्मभर माझ्याशी बोलताना वर्तमानपत्रात बघत राहिले. आता बघत बसू देत समोर.

कलम ४. आता गाडी. हे सगळे लिहायला घेतले ते या कलमासाठीच.

आमची पांढरी फियाट माझ्या पतींच्या पश्चात माझ्या नावावर झाली आहे. सध्या ती माझे धाकटे दीर यज्ञेश्वर यांच्या शंकर नगरातील गॅरेजमध्ये उभी आहे. "वहिनी, गल्लीत धूळ खाऊन राहिली, मी सर्व्हिसिंग करून आणतो," असे सांगून ते ती घेऊन गेले. ती परत आली नाही. मागच्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांची रॅली झाली, तीत आमची फियाट होती. तिला उत्कृष्ट अंतर्भागाची ढाल मिळाली. हिंदी वर्तमानपत्रात भाऊजींचा फोटो आला, गळ्यात हार, हात डॅशबोर्डवर, आणि खाली छापले होते की यज्ञेश्वरजींनी डॅशबोर्ड घरीच, स्वतःच्या हातांनी मढवला. ज्या माणसाला उशीचा अभ्रा घालता येत नाही, त्या माणसाने.

तो डॅशबोर्ड मी मढवला आहे. एकदा नव्हे, दोनदा. हे मृत्युपत्रात लिहायची वेळ आली यातच सगळे आले.

पहिल्या वेळी शिशिर कॉलेजात होता. रायपूरच्या उन्हाने डॅशबोर्डला भेगा पडल्या होत्या आणि आतला पिवळा फोम भुगा होऊन मांडीवर पडायचा. बाजारात सीट कव्हरवाल्याकडे गेलो, तर तो सोफ्याचे चकचकीत रेक्झीन दाखवू लागला. मी म्हटले, चकाकी असली तर ऊन उलटून डोळ्यात येईल, मला मॅट पाहिजे. तो माझ्याकडे न बघता यांना म्हणाला, "भाईसाहब, माताजी को गाडी में बिठाओ, ये लेडीज का काम नहीं है." हे हसले. मी त्याच दिवशी ठरवले.

सदर बाजारातून काळे, मॅट, मागे जाळीचे अस्तर असलेले रेक्झीन आणले. अस्तर नसले तर ते ताणताना फाटते. मीटर काढून वायरींना चिठ्ठ्या बांधल्या, डॅशबोर्ड उतरवून जेवणाच्या टेबलावर घेतला. जुने कव्हर खरवडले, भेगा भरल्या, घासून सपाट केल्या, वर पातळ फोम. मे महिन्यात आमच्याकडे चिकटवायचे सोल्यूशन लावून वळेपर्यंत सुकते, म्हणून पहाटे काम करायचे. दोन्ही बाजूंना लावायचे, बोटाला चिकटेनासे झाले की मधून सुरुवात करायची आणि कडांकडे जायचे. मीटरच्या वर जो उंचवटा आहे तेथे सगळ्यांच्या सुरकुत्या पडतात. मी तेथे गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून रेक्झीन नरम केले, आणि कड आत वळवताना ब्लाउजच्या गळ्याला देतात तसे कातरे दिले. एक चुणी आली नाही. हे ऑफिसातून आले, बघितले, आणि "बरं झालंय" म्हणाले. या घरात त्याला कौतुक म्हणत.

मग दसरा आला. गाडीची पूजा घरच्या मोठ्या पुरुषाने करायची, पण यांना सोवळ्याचा कंटाळा, म्हणून दरवर्षी भाऊजी करायचे. चाकाखाली लिंबू, स्टिअरिंगला झेंडूचा हार, येथवर ठीक. मी नारळ आणायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी विड्याचे पान माझ्या डॅशबोर्डवर ठेवले, पानावर कापराच्या वड्या, आणि पेटवल्या. का, तर बाहेर वारा होता, आरती विझत होती. मी आले तेव्हा पान करपले होते, रेक्झीन उकळत होते आणि खालच्या फोमने पेट घेतला होता. भाऊजींनी ताम्हणातले पाणी ओतले. तळहाताएवढे भोक राहिले.

मी ओरडले. भाऊजी म्हणाले, "काहून चिडून राहिल्या वहिनी? देवाचं काम होतं. कापूर तर आपण रोजच लावतो. तुमचं रेक्झीनच हलकं होतं."

हे म्हणाले, "जाऊ दे, सणाच्या दिवशी नको." आणि त्या भोकावर टॉवेल टाकला. मी रडले वगैरे नाही. भाऊजींना त्या लिंबाच्या जागी ठेवून गाडी पुढे घ्यावी असे मला वाटले, आणि आजही वाटते.

टॉवेल पुढे कित्येक वर्षे तेथेच राहिला. मळला की मीच धुवायची. आणि भाऊजी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगत फिरले, "वहिनीनं घरीच चिकटवलं होतं ना, दसऱ्यालाच उखडलं!" सगळे हसायचे. हेही हसायचे. कापराचा शब्द त्या गोष्टीत कधी आला नाही.

हे गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी टॉवेल काढून फेकला आणि पुन्हा टेबल मांडले. शिशिर म्हणाला, "आई, काहून मेहनत करून राहिली? रेडीमेड मिळते ना." आणि फोन बघत आत गेला. देवश्री मात्र उभी राहिली. माझ्या सुनेबद्दल माझ्या पुष्कळ तक्रारी आहेत. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. वरणात साखर घालते. पण त्या दिवशी तिने स्वतःचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि म्हणाली, "मम्मीजी, आप खींचो, मैं गरम करती हूं." माझ्या बोटांत आता पूर्वीचा जोर नाही. उंचवट्यावर रेक्झीन माझ्या हातून सुटायला लागले तेव्हा तिने ते पकडले, चटका बसला तरी सोडले नाही. त्या डॅशबोर्डला ढाल मिळाली. फोटो भाऊजींचा आला.

मागच्या आठवड्यात भाऊजी आणि शिशिर मिठाईचा डबा घेऊन आले. गाडी भाऊजींच्या नावावर करून द्यावी, असा प्रस्ताव होता.

"मी सांभाळून राहिलो ना वहिनी तिले," भाऊजी म्हणाले. "तुम्ही तर चालवतबी नाही."

मी म्हटले, "देते. आधी चार लोकांसमोर एकदा सांगा, डॅशबोर्ड कोणी केला आणि कोणी जाळला."

"लोकाइले काय फरक पडते?"

"मले पडते," मी म्हटले.

शिशिर म्हणाला, "आई, छोड ना, इतनी पुरानी बात." भाऊजींनी चहा अर्धा ठेवला आणि निघून गेले. मिठाई मी शालिग्राम यांच्याकडे पाठवून दिली. त्यांना मधुमेह आहे.

तेव्हा गाडीची व्यवस्था अशी:

वकील म्हणाले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही न करणे बरे. हे मला फार पसंत पडले. म्हणून साक्षीदारांपैकी एक जागा मी यज्ञेश्वर भाऊजींसाठी रिकामी ठेवत आहे. त्यांनी हे सर्व अथपासून इतिपर्यंत, डॉ. ज्योती यांच्यासमोर, मोठ्याने वाचावे. चष्मा विसरलो म्हणू नये, घरात माझा आहे.

वाचून झाल्यावर त्यांनी सही केली नाही, तर फियाट त्यांची. कागदपत्रे, ढाल, सगळे त्यांचे. खुशाल रॅलीत न्यावी आणि खुशाल खोटे सांगावे. त्यांच्या जागी दुसरा साक्षीदार वकील आणतील. आणि वरचा मजकूर खरा आहे असे स्वतःच्या हाताने लिहून त्यांनी सही केली, तर गाडी देवश्रीची, आणि भाऊजींना काहीही नाही. देवश्रीला फक्त स्कूटी येते. ती शिकेल.

वकिलांनी डोक्याला हात लावला आणि असे मृत्युपत्र आपण पाहिले नाही असे म्हणाले. मी त्यांना सांगितले, काळजी करू नका, भाऊजी सही करणार नाहीत. मी या माणसाला लग्नापासून ओळखते. गाडी हातची घालवून माझ्या बाजूने बोलेल असा तो नाही. मी हरणार आहे हे मला माहीत आहे. पण हरताना तरी त्यांच्या तोंडून ते एकदा मोठ्याने वाचले गेलेले मला ऐकायचे आहे.

कलम ५. माझी मोठी कात्री, खरवडणी आणि शिलाई मशीन देवश्रीला, गाडी कोणालाही मिळो. वरणात साखर घालणे तिने थांबवावे. ही अट नाही, विनंती आहे.

कलम ६. गाडी ज्याची होईल त्याने तिची पूजा जरूर करावी, परंतु आरती गाडीच्या बाहेर, जमिनीवर ठेवून. वारा असेल तर वाऱ्याने विझू द्यावी.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले आहे. खुशी कमी आहे, राजी पूर्ण आहे.

ठिकाण: ब्राह्मणपारा, रायपूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

(सही) प्रमोदिनी भास्कर चिंचाळकर

साक्षीदार १: (सही) डॉ. ज्योती मोघे. सही माझ्यासमोर झाली. मजकूर माझ्यासमोर मोठ्याने वाचला गेला. वाचणारे मध्ये दोनदा थांबले, त्यांनी पाणी मागितले.

साक्षीदार २: पूर्ण वाचले. वरील मजकूर खरा आहे. पहिला डॅशबोर्ड वहिनींनी केला. दुसराही वहिनींनी केला, सूनबाईने मदत केली. कापूर मी ठेवला होता, हे दादालाही माहीत होते. गाडीची चावी आजच सूनबाईच्या हाती दिली आहे. रेक्झीन मात्र हलकेच होते, हे माझे मत मी बदलणार नाही.
(सही) यज्ञेश्वर चिंचाळकर