आमचा मंगळ, त्यांचा वाघ

३ जानेवारी २०१०, रविवार
संकल्प : यंदा लेकीचं, प्रणिताचं लग्न. मार्चमध्ये पस्तीस पूर्ण होतील. त्याआधी उरकायचंच. सुचित्राला सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. म्हणजे बायकोची संमती.

१७ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिमशी युती. त्यांची हुई लिंगही बिनलग्नाची. जन्म चिनी पंचांगातल्या वाघाच्या वर्षातला. चिनी लोकांत म्हणे अशी सून कुणाला नको असते, नवऱ्याला भारी पडते. आमची मंगळाची. दोघे समदुःखी. मिसेस लिमनी तर ठरवलंय, लग्न जमेपर्यंत लेकीशी जेवताना एक शब्द बोलायचा नाही. उत्तम पद्धत. आमच्याकडे सुचित्रा चालू देणार नाही.

१४ फेब्रुवारी
चिनी नववर्ष. वर्षही वाघाचंच. मिसेस लिमकडे संत्री घेऊन गेलो. लग्न न झालेल्यांना लग्न झालेल्यांकडून पैशांचं लाल पाकीट मिळतं, म्हणून हुई लिंग शाळकरी भाच्यांच्या रांगेत उभी. एक मावशी म्हणाली, पुढच्या वर्षी तरी तू द्यायला लाग, लाह! (लाह म्हणजे इथलं ‘बरं का’.) सगळे हसले. हुई लिंग हसली नाही. मीही पाकीट दिलं. आपल्या रीतीने, शकुनाचे अकरा डॉलर.

१५ फेब्रुवारी
मिसेस लिम वर आल्या. चेहरा पांढरा. त्यांच्यात विषम रक्कम मयताच्या घरी देतात म्हणे. हुई लिंगने ते पाकीट जपून ठेवलंय, खर्च करणार नाही म्हणाली. सॉरी म्हटलं. पण भावना शुद्ध होती, ती तिला पोचली असणार.

१४ मार्च
प्रणिताचा वाढदिवस. केक तिने स्वतःच आणला. हुई लिंगही आली होती. पस्तिशीवर दोघी इतक्या खूश की मला क्षणभर भीती वाटली. मग लक्षात आलं, पोरीच्या मनाची तयारी झाली.

११ एप्रिल
प्रगती! प्रणिता पडद्यांचे रंग बघते. छोटा कुकर घेतला. कपाटातली पुस्तकं कमी होतायत, म्हणजे जुनं आवरतेय. मिसेस लिम मात्र घाबरल्यात. हुई लिंग आता भांडतच नाही, म्हणून त्यांना झोप लागत नाही. बाईचा स्वभावच संशयी.

२ मे
स्थळ मिळालं, श्रीनिवास. राहतो जुरोंग ईस्टला, नोकरी बँकेत, घटस्फोटित, त्यालाही मंगळ. आईवडिलांसकट अक्षय्य तृतीयेला जेवायला बोलावलं. प्रणिताला सरप्राइज. पण तिनेच विचारलं, बाबा, त्या दिवशी घरी आहात ना? कुणकुण लागली वाटतं. नजर चुकवत होती. लाजली.

१६ मे, सकाळी
अक्षय्य तृतीया. श्रीखंड झकास. खाली एक लॉरी उभी आहे. कुणीतरी घर सोडतंय.

त्याच दिवशी, दुपारी
प्रणिता गेली. यिशुनला, नव्या फ्लॅटवर. हुई लिंगबरोबर. इथे लग्न न झालेल्यांना पस्तिशीनंतर सरकारी फ्लॅट घेता येतो, दोन मैत्रिणींना मिळूनही. हा नियम मला ठाऊक होता. आपल्या घराला लागू पडेल असं वाटलं नव्हतं.
जाण्याचा मुहूर्त सुचित्राने काढलेला.
मिसेस लिम लिफ्टपाशी उभ्या होत्या. हुई लिंग शेजारून गेली, आईशी बोलली नाही. सवयच मोडली असेल. मला मात्र दोन्ही हातांनी लाल पाकीट दिलं. अंकल, फॉर यू, म्हणाली.
श्रीनिवासचे आईवडील श्रीखंड खाऊन गेले.

१७ मे
पाकीट उघडलं. अकरा डॉलर. माझ्याच नोटा. आपला शकुन मानून दिलं की त्यांचा अपशकुन, ते विचारायचं होतं. सुचित्राकडे यिशुनचा पत्ता मागितला. नाही म्हणाली. प्रणिताने बजावलंय, बाबांना इतक्यात पत्ता देऊ नकोस, स्थळ घेऊन दारात उभे राहतील.
साफ खोटं. मी आधी फोन केला असता.