तक्रारपेटीची किल्ली

४ सप्टेंबर २०२२, रविवार
नेमणुकीचं पत्र मिळालं. अकरा वर्षं दोह्यात स्टोअर सांभाळलं, आजपासून मी कामगार-कल्याण अधिकारी. विश्वचषक अडीच महिन्यांवर आलाय आणि आयोजकांची अट आहे की प्रत्येक कंत्राटदाराच्या कॅम्पात तक्रारपेटी हवीच. इंजिनिअर हाझिमनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, शौकी, तुझ्याइतका शांत माणूस कंपनीत दुसरा नाही. खूप बरं वाटलं.

नियम: दर गुरुवारी कामगारांच्या प्रतिनिधीसमोर पेटी उघडायची, प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचायची, रजिस्टरात चढवायची.
निश्चय: एकही गुरुवार चुकवायचा नाही. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

पहिली चिठ्ठी माझ्या डोळ्यांदेखत पडली. टेकबहादूर घर्तीची. नेपाळी, परांची बांधतो, कामगारांनी निवडून दिलेला प्रतिनिधी. त्याच्या वडिलांच्या किडन्या गेल्यात. ५ ऑक्टोबरला त्यांचा दसरा, त्या दिवशी बाप स्वतःच्या हाताने मुलाच्या कपाळाला टिळा लावतो. चार वर्षं याचं कपाळ कोरडं आहे. पासपोर्ट मात्र इंजिनिअरसाहेबांच्या कपाटात. मी म्हटलं, निश्चिंत राहा, आता पेटी आहे. तो म्हणाला, पेटी आहे म्हणूनच टाकली सर, नुसतं तुम्हाला कशाला सांगितलं असतं?
विश्वास टाकतात माणसं.

६ सप्टेंबर
इजिप्तहून, तांताच्या घरून, लेकीचा, शाहेंदाचा फोन. तिचं लग्न १४ ऑक्टोबरला ठरलं. बाबा, येताय ना? म्हटलं, आलोच समज. ऑफिसभर बसबूसा वाटला, आमची रव्याची मिठाई.

माझाही पासपोर्ट त्याच कपाटात आहे. खालच्या फळीवर. मागायला दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी त्यांनी मान वर केली, म्हणून चहा हवा का विचारून परत आलो.

दुपारच्या नमाजाला सगळे गेल्यावर एक युक्ती सुचली. डाव्या हाताने पासपोर्टसाठी निनावी चिठ्ठी लिहिली आणि पेटीत टाकली. आता पुढचं संबंधित अधिकारी बघून घेईल. फार हलकं वाटलं.

७ सप्टेंबर, सकाळी ६
संबंधित अधिकारी मीच आहे.

सकाळी ६.२०
कॅम्पात सगळे नेपाळी, बंगाली, केनियन. अरबी लिहिणारे तिघे. साहेब, टाइमकीपर मुतवक्किल आणि मी. त्यातून सवयीने चिठ्ठीवर वरती ‘विषय’ आणि खाली ‘प्रत: फाइल’ असं लिहिलंय. दरदरून घाम फुटला. एसी चालू आहे तरी.

८ सप्टेंबर, गुरुवार
पेटी उघडली नाही. रजिस्टरात रेघा मारायच्या राहिल्यात. कामात शिस्त हवी. टेक पेटीजवळ तासभर उभा होता.

११ सप्टेंबर
चिठ्ठी बाहेर काढायचा प्रयत्न. एकट्याने कुलूप उघडणं नियमात बसत नाही, म्हणून फटीतून. लांब पट्टी, टोकाला च्युइंगगम. फटीतून पट्टी निम्मी आत गेली असताना मुतवक्किल मागे उभा. हा सुदानी माणूस पावलं न वाजवता चालतो. म्हणाला, काय रे झोल (त्यांच्याकडे गड्याला झोल म्हणतात), पेटीला ताप आलाय का? मी म्हटलं, खोली मोजतोय. कशासाठी? रेकॉर्डसाठी. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.
पट्टी आत पडली. तिच्यावर माझं नाव आहे.

१५ सप्टेंबर, गुरुवार
किल्ली खोलीवर विसरली, असं टेकला सांगितलं. त्याने माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतात म्हणे. मी म्हटलं, प्रोसेस चालू आहे. हे अगदी खोटं नाही. मी रोज विचार करतो.

१८ सप्टेंबर
२७ तारखेला आयोजकांकडून इन्स्पेक्शन. साहेबांनी बोलावून विचारलं, पेटीत काही आहे का? म्हटलं, विशेष नाही. ते हसून म्हणाले, छान, रिकामीच राहू दे, तुझ्या लेकीचं लग्न आहे ना?
यांना लग्नाचं कसं कळलं? फोन ऐकतात? चिठ्ठी वाचली? दिवसभर घास गेला नाही. संध्याकाळी मुतवक्किलला हळूच विचारलं. तो म्हणाला, अरे शहाण्या, तूच नाही का त्यांना बसबूसाचे दोन तुकडे जास्त दिलेस?
हो. पण हसले का, ते कळत नाही.

२२ सप्टेंबर, गुरुवार
आजारी. खरंच. सकाळी टेकची पावलं दाराबाहेर वाजली तेव्हा पांघरूण डोक्यावरून घेतलं, आत फार गरम होत होतं, म्हणजे तापच असणार. त्याने दोनदा टकटक केली.
निश्चय: पुढच्या गुरुवारी काहीही होवो.

२५ सप्टेंबर
इन्स्पेक्शनच्या दिवशी ऑफिस विरुद्ध कामगार असा मैत्रीचा सामना आहे. आज तालीम. बॅनर मीच रंगवला: ‘एक मैदान, एक कुटुंब’. रेफरीही मीच. साहेबांनी चेंडू चक्क हाताने उचलून पुढे टाकला आणि गोल मारला. सगळे माझ्याकडे बघू लागले. टेक गोलपोस्टमध्ये उभा होता, तिथून म्हणाला, शिट्टी वाजवा सर, एवढी तरी.
शिट्टी तोंडात धरली. तोंडाला कोरड पडली होती, हवाच निघेना. गोल दिला. टाळ्यांची सुरुवात मी केली.

२७ सप्टेंबर, मंगळवार
इन्स्पेक्शनच्या बाई सकाळी आठलाच आल्या. सामना नंतर बघू म्हणाल्या, आधी पेटी. किल्ली? दोऱ्याची गाठ सुटेना. साहेब कात्री शोधायला लागले, पण बाई घाईत होत्या. शेवटी मी पेटीवर वाकलो आणि गळ्यातली किल्ली तशीच कुलपात घातली. गाल पत्र्यावर टेकला होता. गार लागला.

एकतीस चिठ्ठ्या आणि एक पट्टी.

प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचली गेली. एकतीसच्या एकतीस पासपोर्टबद्दल. टेकची पहिलीच, तारीख ४ सप्टेंबर. दुभाष्याने वाचली. बाईंनी त्याला विचारलं, वडिलांना भेटायला जायचंय, हे बरोबर आहे का? टेक म्हणाला, होतं. काल संध्याकाळी गेले ते.
मी बॅनरकडे बघत राहिलो. ‘कुटुंब’मधला रंग ओघळलाय.

मग अरबी चिठ्ठी निघाली. मुतवक्किलला वाचायला सांगितलं. ‘विषय’पासून ‘प्रत: फाइल’पर्यंत सगळं वाचलं त्याने, आणि या वेळी हसला नाही. मी लगेच सांगितलं की हे अक्षर माझं नाही.
मला कुणी विचारलंच नव्हतं.

२८ सप्टेंबर
बाईंच्या देखत कपाट उघडलं. सही करा, पासपोर्ट घ्या. मलाही मिळाला. फोटोत केस काळे आहेत.

टेक आजच्याच विमानाने गेला. तेराव्यापर्यंत पोचेल, कपाळ मात्र यंदाही कोरडंच, सुतकात टिळा नसतो. बॅग उचलून माझ्याकडे आला. वाटलं, आता शिवी देणार. मनातून तयारी केली, चष्मा काढून ठेवला. तो म्हणाला, सर, तुमचाही कपाटातच होता? आधी बोलायचं होतं. दोघांनी मिळून उघडली असती पेटी.
माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. बावीस दिवस. बावीस दिवस माझ्या गळ्यात त्याचा बाप लटकत होता.
पण नियमाने बघितलं तर उशीर फक्त तीन गुरुवारांचा आहे.

२९ सप्टेंबर, गुरुवार
दिवसभर हात खिशावर. सगळे माझ्याकडे बघतात असं वाटत होतं.

तीन वाजता साहेबांनी बोलावलं. दार लावलं. ओरडले नाहीत. स्वतः चहा ओतून दिला. म्हणाले, लग्नाला अवश्य जा, तुला कोण अडवतंय? मग म्हणाले, एवढा महत्त्वाचा कागद खिशात घेऊन फिरतोस शौकी, घामाने भिजेल की.
ते मागत नव्हते. हातही पुढे केला नाही. मीच उठलो, कपाट उघडलं, खालच्या फळीवर ठेवला. नेहमीच्या जागी. दार लावून नीट बंद झालंय ना, तेही पाहिलं.
तिथे सुरक्षित आहे.

शाहेंदाला फोन केला. म्हटलं, विश्वचषकाची जबाबदारी आहे, बघतो कसं जमतं. ती म्हणाली, बाबा, जेवलात का?

आज पेटी मात्र वेळेवर उघडली. रिकामी. रजिस्टरात लिहिलं: तक्रार नाही.

उद्या सुट्टी. रविवारी चिठ्ठी टाकणार, या वेळी उजव्या हाताने, नावासकट. काळजीचं कारण नाही. किल्ली माझ्याकडेच आहे.