आधी माका, मगे तुका

आई, तुझी ती शेजारची मुलगी माझ्याकडे आली होती. म्हणजे सावंतवाडीला, मी डोळे तपासते त्या दवाखान्यात. चार वर्षांची असताना ती आरोंद्याच्या आपल्या स्वयंपाकघरात दुपारभर तुला चिकटून बसायची, बोलायची नाही, चष्मा घातला की भिरकावायची. आता चौदाची आहे. अजून बोलत नाही, अजून भिरकावते. नंबर उणे अकराच्या आसपास. गोव्याहून येणारे डॉक्टर भूल देऊन तिच्या डोळ्यांत कायमची लेन्स बसवायला तयार आहेत. पण जागेपणी मोजलेला नंबर हातात आल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. तो मोजणं माझं काम. तिने काही सांगायची गरज नसते, डोळ्यांसमोर लेन्स धरू दिली की पुरे.

तिच्या आईने मला ओळखलं. "बाईंचां चेडू मा गो तू?" तुझीच मुलगी, म्हणून मी मान हलवली आणि डोळ्यात बघायची बत्ती लावली. मुलीने ती ढकलली. मी कागदावर लिहिलं: सहकार्य नाही. तो कागद पुढे गेला की शस्त्रक्रिया होणार नव्हती.

उपाय मला ठाऊक होता, दहा वर्षांपूर्वी बघितलेला. तू आडाळ्यावर नारळ खवतेयस. हात पुसून तिचा चष्मा तिच्याच हातात देतेस, चेहरा पुढे करतेस. "आधी माका, मगे तुका." ती तो तुझ्या नाकावर चढवते, मग तू तिच्या कानांमागे एकेक काडी हळू सरकवतेस. त्याच आठवड्यात माझाही पहिला चष्मा आला होता. मी डबी पुढे केली, तर म्हणालीस, "तू शाणी आसस. तुझो तू लाव." शहाणी होते. लावला. वर्षभरात तू गेलीस.

तीन दिवस तो कागद माझ्या खणात राहिला. चौथ्या दिवशी मी त्यांना परत बोलावलं. दवाखान्यात मी मालवणी बोलत नाही. त्या दिवशी लेन्स मुलीच्या हातात दिली आणि तुझे शब्द म्हटले. तिने माझा चष्मा काढला, लेन्स माझ्या डोळ्यासमोर धरली, मग मोजमाप होईपर्यंत स्थिर बसली. शेवटी माझा चष्मा तिनेच मला घातला. एकेक काडी, हळू.

नंबर बघून, तो कसा मोजला ते ऐकून डॉक्टरांनी तारीख दिली आणि विचारलं, "ही युक्ती कुठे शिकलीस?" मुलीची आई माझ्याकडे बघत होती.

"कॉलेजात," मी म्हटलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. मला तुला पुन्हा कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.