गायकवाडीत नाव घ्यायची सहल

२ फेब्रुवारी १९३६, रविवार
काल महिला मंडळात मी ठराव मांडला आणि बायका हसल्या. घरात कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिणं भाग आहे. ठराव साधा होता: प्रत्येक सभासद बाईने नवऱ्याचं नाव चारचौघांत मोकळेपणी उच्चारावं. चिटणीस कमलबाई पदराआडून म्हणाल्या, "अध्यक्षीणबाई, आधी तुम्हीच नाव ल्या ना!" अध्यक्षाने प्रत्येक फालतू सूचनेला उत्तर द्यायचं नसतं. उलट तिथल्या तिथे पोटकलम जोडून पास करून घेतलं: जिला नाव घेणं जमणार नाही, तिने मंडळात पदावर राहू नये. आता कळेल कमलबाईंना.

३ फेब्रुवारी
दोष गावाचा आहे. नंदुरबारात प्रत्येक भिंतीपलीकडे कोणाची तरी सासू बसलेली असते. बायकांना परराज्यात न्यायला हवं. आगगाडीने नवापूर ओलांडलं की गायकवाडी, म्हणजे बडोदे संस्थान. तिथे आम्हाला कुत्रंही ओळखत नाही. प्रोग्रॅम: येत्या रविवारी सकाळच्या गाडीने व्यारा, संध्याकाळच्या गाडीने परत. कमलबाई, मारवाडी गल्लीतल्या तीजाबाई आणि मी. हद्द ओलांडताच प्रॅक्टिस सुरू. यांना सांगितलं. हे म्हणाले, माझ्या नावासाठी एवढ्या लांब? मी तिथून उठले.

५ फेब्रुवारी
मला स्वतःला प्रॅक्टिसची गरज नाही. पुण्यास कॉलेजात असताना याच विषयावर बोलून मी पहिलं बक्षीस घेतलं आहे. तेव्हा लग्न व्हायचं होतं, एवढंच. तरी आज घरात कोणी नसताना एकदा म्हणून पाहणार होते. दूध उतू गेलं.

७ फेब्रुवारी
आज नक्की म्हणणार होते. धनुबाई भांडी घासायला लवकर आली. या गावात मोलकरणींनाही वेळेचं भान नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. गाडीत
ओझं नको असा हुकूम दिला होता. कमलबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा आणला. तीजाबाईंनी पापडांचा डबा. परराज्यात जाताना लोक नकाशा घेतात.

नवापूर मागे पडलं. मी म्हटलं, करा सुरू. तीजाबाईंनी खिडकीबाहेर डोकं काढून "उमेदमल!" अशी आरोळी ठोकली. रुळापलीकडे म्हशी राखणाऱ्या एका माणसाने हात हलवला. दोघी हसून लोळल्या. कमलबाईंना "पितांबर" म्हणायला श्वासही घ्यावा लागला नाही. कधीपासून जमतं, विचारलं. म्हणाल्या, "घरमा तं रोज नाव लेस मी. बैलबी त्या नावले वळखतस." मग सभेत हसलात का? "तुमनं तोंड दखीसन हासनूत."

मग दोघी माझ्याकडे बघत बसल्या. गाडीचा आवाज फार आहे. स्टेशनात घेईन.

त्याच दिवशी, सोनगडनंतर
पटकीची साथ आहे म्हणून सोनगडला गायकवाडीचा एक कारकून डब्यात चढला. प्रवाशांची पूर्ण नावं लिहून घेत होता. दोघींनी पटापट सांगितली. माझी पाळी आली. "बेन, धणीनुं नाम?" नवऱ्याचं नाव कोणत्या कायद्याखाली विचारता, मी म्हटलं. तो म्हणाला, "नाम बोलो ने, बेन." गाडी थांबून राहिली. गार्ड आला. शेजारच्या बाकावरच्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. मी म्हटलं, लिहून देते. त्याने पेन्सिल दिली. पेन्सिलीला टोक नव्हतं असं म्हणायला हरकत नाही.

शेवटी तीजाबाईंनी यांचं नाव सांगितलं. खणखणीत. वर "वकीलसाब" असंही जोडलं. गाडी सुटली. तीजाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. कमलबाईंनी माझ्या हातावर भाकरी ठेवली. ठेचा खाण्यासारखा होता.

१० फेब्रुवारी
काल प्रश्न तत्त्वाचा होता. कारकुनाने दरडावून विचारलेलं नाव हे मोकळेपणी घेतलेलं नाव नव्हे. शिवाय आमचं पोटकलम परराज्यात लागू होतं का? सभेत हा पॉइंट मांडीन. कमलबाईंची अक्कल तिथपर्यंत जाणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पॉइंट मांडला. कमलबाई म्हणाल्या, "मंग आठेच ल्या, नंदुरबारमा." मी उभी राहिले. पाणी मागितलं, प्याले. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मला रागावता आलं असतं.

कमलबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना बाई, ते पोटकलमच काढी टाकूत." मी म्हटलं, रूल मी केला आहे.

अध्यक्षपदाचा चार्ज कमलबाईंना दिला तो असा: कपाटाची किल्ली, सभेची घंटा, दोन सतरंज्या, हार्मोनियम (एक पट्टी मुकी). पोच लिहिली. देणारीच्या नावात मधली जागा मी कोरी सोडली होती. ती कमलबाईंनी भरली, मोठ्याने म्हणत म्हणत. अक्षर गिचमिड आहे.