ट्रंकेपुरती जागा

कोल्हापूर,
दि. २ सप्टेंबर १९५८

सौ. नर्मदेस,
गुरुदासचे अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. तुझं पत्र आणि कोकमाच्या सोलांची पुडी मिळाली. आयेचा खोकला कसा आहे? सुगंधाला म्हणावं, बाबा चवथीला आल्यावर आधी पाढे ऐकणार, मगच खाऊ देणार.

तांदळाची कणगी सरकवून माजघरात माझ्या ट्रंकेला जागा केलीस, असं तू लिहिलंस. ती ओळ मी चारदा वाचली. इथून पुढचं मात्र आयेला वाचून दाखवू नकोस.

आमच्या लॉरी कंपनीची पद्धत तुला माहीत आहे. फेरीवर निघताना कारकून लायसन हातात देतो, परतलो की काढून घेऊन कपाटात ठेवतो. दर शनिवारी एकेकाचं लायसन उघडून बघतो आणि कोर्टाचा शेरा दिसला की आमच्या नावाच्या कार्डावर लाल शाईने उतरवतो. मुलीला स्थळ बघतानासुद्धा कोणी इतकं खोदून बघत नसेल. तीन वर्षं कार्ड कोरं राहिलं तर मागू ती शाखा मिळते. माझी तीन वर्षं चवथीला भरत होती. सावंतवाडी मी मागूनही ठेवली होती. म्हणजे दर रविवारी घरी आणि ट्रंकही घरीच.

भरत होती, असं लिहिलंय. तुझ्या ते लक्षात आलंच असेल.

जुलैत कौलं भरून सांगलीकडे निघालो होतो. हातकणंगल्याला गाडीत पाणी घालायला उतरलो, तर एक म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी विचारत होती आणि कोणालाच कळत नव्हतं. माझ्याकडे आली नि म्हणाली, "रे झिला, माझी एस्टी गेली. माका मिरजेक सोडशीत? चेडू हॉस्पिटलात आसा, उद्या ऑपरेशन."

लॉरीत उतारू घ्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम. कार्ड डोळ्यांपुढे आलं. तरी मी दार उघडलं.

"खंयचो रे तू?"
"आचऱ्याचो."
"मगे आमचोच!" असं म्हणून बाई ऐसपैस बसली. ती वैभववाडीकडची. वाटभर बोलत होती. यंदा भाताचा तरवो कसा झाला, शेजारणीने कुंपण कसं पुढे सरकवलं, लेकीने कसं दुखणं अंगावर काढलं. मी लॉरी मुद्दाम हळू चालवत होतो.

जयसिंगपूरच्या अलीकडे इन्स्पेक्टरने अडवलं. ही कोण, असं विचारलं. मी सरळ सांगितलं, ओळख नाही, रस्त्यात भेटली. आणि त्याच वेळी माझ्यावर बालंट नको म्हणून म्हातारी मला मुलगा करून ओरडली, "माझो झील तो! सख्खो!" इन्स्पेक्टर हसला आणि त्याने केस लिहिली. भाडं घेतलं नाही म्हणून शपथ घेतली, पण आमच्या दोघांच्या दोन तऱ्हा ऐकल्यावर कोण विश्वास ठेवणार? तिला त्यांनीच एस्टीत बसवून दिलं. जाताना ती मला आयेची आठवण करून देत "आवशीक पत्र घाल" म्हणाली.

गेल्या आठवड्यात लायसनवर कोर्टाचा शेरा आला आणि शनिवारी तो कार्डावर चढला. शेठ वाईट माणूस नाहीत. म्हणाले, दया केलीस हे मान्य, पण आता तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

त्यांना मीच सांगितलं होतं, म्हातारीची दया आली म्हणून. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. दया आली हे खरं, पण ती तेवढी नव्हती. मला तिचं बोलणं ऐकायचं होतं, नर्मदे. इथे माझ्याशी तसं कोणी बोलत नाही. दहा मैल कोणीतरी मला "रे" म्हणत होतं आणि त्या दहा मैलांपायी मी तुझे तीन वर्षांचे रविवार घालवले. तू रागाव. दोन महिने लपवलं त्याबद्दल जास्त रागाव. पण मला तुझी फार आठवण येते, एवढं समज.

चवथीला दोन दिवसांची सुट्टी आहे. एस्टीतून उतरेन तेव्हा हातात फक्त पिशवी असेल. सगळ्यांसमोर ट्रंक कुठे म्हणून विचारू नकोस.

आणि कणगी परत जागेवर आणू नकोस. ती जागा तशीच राहू दे.

तुझा,
आणि अजून वाटेवरचाच,
गुरुदास