वाळूवरच्या लाटा

पेण, मंगळवार, फेब्रुवारी १९९७

आज बाबांना रोह्याची आमची प्रयोगशाळा दाखवायला नेलं आणि दारातच मी त्यांना म्हणाले, "कशाला हात लावू नका हं." का बोलले मी असं? जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. त्यांनी मुकाट हात पाठीमागे बांधले.

काचेच्या लांब पन्हळीत वाळू अंथरून आम्ही तिच्यावरून पाणी वाहवतो. वाळूवर लाटा उमटतात. मग पाणी काढून टाकायचं आणि वरून लेझर फिरवून त्या लाटांची उंची मोजायची. मी नेहमीसारखा पाणी काढायचा नळ पूर्ण उघडला. बाबा काचेपाशी वाकले. हात मागेच.

"पानी असं खसकन ओढलंस त लाटा बसल्या ना गो. आमी मिठागरात बोटभर फटीतून सोडताव, नायतर खालची माती उठते."

"इथलं वेगळं असतं, बाबा." हेही मीच.

पण चैन पडेना. पुन्हा तेवढाच वेळ पाणी वाहवलं, या खेपेला नळ बोटभरच उघडला आणि वाट बघत बसले. लेझरने मोजलं तर लाटा कितीतरी उंच! म्हणजे दिवाळीपासूनची सगळी मापं चुकलेली. उद्या सरांना सांगावंच लागेल.

परतताना गाडीत, कासू स्टेशन गेल्यावर, कसंबसं म्हटलं, "बाबा, तुमचंच बरोबर होतं."

"व्हय?" एवढंच. खूश दिसले.

पेणला उतरून ते पुढे चालू लागले तेव्हा मला दिसलं. हात अजून पाठीमागेच होते.